माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, मित्रांना नाही. देवापुढं हात जोडताना सुद्धा मी या गोष्टीच्या बाजूनं हळूच निघून जातो. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. उद्या वाळूजच्या एखाद्या टपरीवर तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून चहा प्यायलात, तरी तुम्हाला कळायचं नाही की हाच तो माणूस. एवढी सोय असल्याशिवाय माझ्यासारखा तोंड उघडत नाही.

आधी मी कोण, ते सांगतो. नाव भास्कर. पैठणकडच्या शेतकरी घरातला. शेत भाऊ बघतो, मी शहरात नोकरी करतो. वाळूजला एक कारखाना आहे, तिथं विक्री आणि सर्व्हिस माझ्याकडं. आम्ही होइस्ट बनवतो — म्हणजे वर्कशॉपमध्ये जड वजन साखळीनं उचलून इकडून तिकडं नेणारं यंत्र. उचललेलं वजन हवेत धरून ठेवतो तो त्याचा ब्रेक. तो सुटला तर खाली जे असेल ते गेलं.

शिक्षण माझं फार नाही. पण माणसं जोडता येतात. कारखान्याची जुनी गिऱ्हाईकं बहुतेक मीच आणलेली. कुणाच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय, कुणाला चहा बिनसाखरेचा लागतो, कोण सकाळी चिडलेला असतो आणि जेवणानंतर नरम पडतो — सगळं माझ्या डोक्यात. आणि नंबर माझ्या मोबाइलमध्ये. ऑफिसात कुणाला चिकलठाण्यातल्या एखाद्या वर्कशॉपशी बोलायचं असलं की ते आधी माझ्या टेबलापाशी यायचे. "भास्करराव, जरा फोन लावून देता का?" हे वाक्य ऐकायला मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग मालकांनी कारभार मुलाकडं दिला. अभिजितसाहेब. पुण्याला शिकून आलेले, बोलायला गोड, मला काकाच म्हणायचे. त्यांनी एक दिवस सगळ्यांना बसवून सांगितलं की आपण आता सीआरएम वापरायचं. म्हणजे काय, तर गिऱ्हाइकांची सगळी माहिती एका सॉफ्टवेअरमध्ये. कुणी कोणतं यंत्र कधी घेतलं, कुणाची तक्रार काय, कुणाशी काय बोलणं झालं, पुढची तपासणी कधी. कुणीही उघडावं आणि बघावं.

कुणीही! — मी तेवढाच शब्द ऐकला.

ते चालवायला एक मुलगी घेतली होती. रूपाली. मुकुंदवाडीची, कॉम्प्युटर शिकलेली. कंपनीच्या बसनं यायची, डबा आणायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं सांगितलं की हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. विकत घ्यावं लागत नाही. ते कसं लिहिलंय हे जगात कुणालाही वाचता येतं, आपल्या सोयीनं बदलताही येतं.

मी विचारलं, "उघडं आहे म्हणजे आमची गिऱ्हाईकंही उघडी का?"

ती हसली नाही. नीट समजावून सांगायला लागली. "नाही काका. कुलूप कसं बनवतात हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून काय किल्ली सगळ्यांकडं असते का? माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहणार. उलट विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती दुसऱ्याच्या घरी ठेवावी लागते."

मला कळलं होतं. अगदी पहिल्याच वेळी, लख्ख कळलं होतं. हे सांगायलाच हवं, कारण पुढं वर्षभर मी न कळल्याचं सोंग घेतलं. चहाच्या वेळी सुनीलला — माझ्या हाताखालचा सेल्समन — म्हणायचो, "फुकट कुणी काय देतं का रे? आपला माल कुणीतरी खातंय, एवढं नक्की." तो मान डोलवायचा. "व्हय, भास्करराव. काहीतरी पाणी मुरतंय." असं दोघा-तिघांत पेरलं की ते आपोआप उगवतं. मला माणसं जोडता येतात म्हणालो ना? तोडायलाही तीच कला लागते.

संशय मला उगाच आला नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. वाळूजच्या आधी मी ज्या ठिकाणी होतो, तिथं गायकवाड म्हणून एक जुने सेल्समन होते. त्यांना मालकानं सांगितलं की नवीन घेतलेल्या पोराला तुमच्या गिऱ्हाइकांकडं फिरवून आणा, ओळखी करून द्या. गायकवाड हौसेनं फिरले. ओळखी झाल्या आणि गायकवाड घरी गेले. निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं होतं. ते घड्याळ हातात धरून उभे असलेले गायकवाड मला आठवायचे, आणि रूपालीच्या टेबलावरचा तो स्क्रीन दिसायचा. मला वाटायचं — माझंही घड्याळ कुठंतरी आणून ठेवलेलंच असणार.

मग मी सगळ्यात तेच बघायला लागलो. अभिजितसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला तरी वाटायचं, माप घेतोय. रूपालीनं "काका, तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही" म्हटलं तरी वाटायचं, काढून घ्यायला गोड बोलतेय. शहराचं नाव बदललं तेव्हा तिनं सगळ्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांत औरंगाबादचं संभाजीनगर एका झटक्यात करून टाकलं. सगळे कौतुक करत होते. मला मात्र वेगळंच दिसलं. एवढं सगळं एका बोटानं बदलता येतं — म्हणजे मलाही एका बोटानं पुसता येईल.

हे वाचून तुम्हाला माझी कीव येत असेल, तर थांबा जरा. अजून मी काहीच सांगितलेलं नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. कुणी, कधी, काय बदललं, याची नोंद आपोआप राहायची. मी मीटिंगमध्ये त्यावर बोट ठेवलं. म्हटलं, "म्हणजे आमच्यावर पाळत ठेवणार? इतकी वर्षं इमानानं काम केलं, आता मशीन आमचं इमान तपासणार व्हय?" सुनील आणि बाकीचे माझ्या बाजूनं बोलले. मला वाटलं रूपाली भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं! ती सरळ अभिजितसाहेबांना म्हणाली, "सर, बंद करूया ते. बदल करणाऱ्याचं नाव ठेवण्याची तशी गरज नाही. आपल्याच माणसांचा विश्वास नसला तर यात माहिती कोण भरेल?"

तिनं ते बंद केलं. आमच्यावर विश्वास ठेवून. माझ्यावर.

त्यानंतर माझी पाळी आली नंबर द्यायची. बाकीच्यांनी आपापली माहिती कॉम्प्युटरवर लिहून पाठवली. मी म्हटलं, मला टायपिंग येत नाही, मी सांगतो, तू लिही. ती खुर्ची घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी मोबाइल हातात धरला, चष्मा लावला आणि एकेक नंबर वाचून दाखवायला लागलो. छोटी गिऱ्हाईकं बरोबर सांगितली. मोठी, जुनी, माझी स्वतःची जी होती — त्यांच्या नंबरात एखादा आकडा बदलला. सातच्या जागी नऊ. कुठं दोन आकडे उलटे. ती लिहायची, परत वाचून दाखवायची, "बरोबर ना, काका?" आणि मी म्हणायचो, "बरोबर."

का? — तर माझ्याशिवाय कुणाला त्यांच्यापर्यंत पोचता येऊ नये. बस. एवढंच होतं ते. वाटलं, कुणी फोन लावेल, लागणार नाही, आणि पुन्हा माझ्या टेबलापाशी येईल.

झालंही तसंच. महिन्याभरात सुनीलनं एका गिऱ्हाइकाला फोन लावला, तो कुण्या भलत्याच बाईला लागला. तो सगळ्यांसमोर ओरडत आला. मी रूपालीला हाक मारली आणि चारचौघांत म्हटलं, "पोरी, कान साफ कर जरा. मी काय सांगितलं होतं आणि तू काय लिहिलंस?" तिचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी काका, ऐकण्यात गडबड झाली असेल." तिनं तो नंबर माझ्याकडून परत विचारून दुरुस्त केला. मी बरोबर सांगितला. तेवढा एक. बाकीचे तसेच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, मत्सरी म्हातारा आहे, आणखी काय? ऑफिसात असलं चालतंच. चालतं ना? मीही असंच म्हणायचो.

मग ब्रेकच्या लायनरचा एक लॉट खराब निघाला. लायनर म्हणजे ब्रेकच्या आतली पट्टी, तिच्यावरच सगळी पकड. बाहेरून आलेला माल होता, आमच्या तपासणीतून सुटला, आणि कळलं तेव्हा यंत्रं लोकांकडं पोचली होती. पूर्वी असतं तर कुणाकडं कोणतं यंत्र गेलं हे शोधण्यातच आठवडा गेला असता. रूपालीनं चहा निवायच्या आत यादी काढली आणि सगळ्यांना मोबाइलवर निरोप पाठवला — होइस्ट वापरणं ताबडतोब थांबवा, आमचा माणूस येऊन लायनर बदलून देईल. अभिजितसाहेब म्हणाले, "बघा काका, यासाठी आणलं हे."

मी मान हलवली आणि जागेवर येऊन बसलो. माझ्या गिऱ्हाइकांना तो निरोप गेलेला नव्हता, हे त्या अख्ख्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

तेव्हा उठून सांगायचं होतं. अजून काहीही झालेलं नव्हतं. दोन वाक्यं लागली असती — नंबर चुकलेत, मी परत देतो. फार तर हसले असते. मी नाही उठलो. म्हटलं, मीच एकेकाला फोन करतो, गुपचूप. आणि केले, खरंच केले. जिन्यात उभं राहून, हळू आवाजात. बहुतेकांनी उचलले. चिकलठाण्यातल्या एका वर्कशॉपवाल्यानं नाही उचलला. रिंग वाजत राहिली. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, बाहेरगावची पार्टी आली होती, त्यांना कारखाना दाखवायचा होता. म्हटलं, नंतर लावू.

नंतर लावला नाही. विसरलो. मुद्दाम नाही — पण त्यानं काय फरक पडतो?

त्या वर्कशॉपमध्ये रफिक म्हणून ऑपरेटर होता. तिशीतला. मी त्याला ओळखत होतो, यंत्र बसवलं तेव्हा त्याला चालवायला मीच शिकवलं होतं. लायनर बदलायला आमचा माणूस पोचायच्या आधीच त्यानं एक जड साचा उचलला, जागेवर आणला, आणि खाली लाकडी ठोकळा सरकवायला हात घातला. ब्रेक सुटला. उजव्या हाताची बोटं गेली.

फोन दुपारी आला. अभिजितसाहेब आणि रूपाली गाडीत बसून तसेच धावले. सुनील त्यांच्या मागं गेला. मला म्हणाले, काका, तुम्ही ऑफिस सांभाळा.

इथपर्यंत मी फिरून फिरून आलोय. आता पुढचं सांगतो. हेच सांगायचं होतं. बाकीचं सगळं — तो मत्सर, तो विसराळूपणा — ते मी कधीतरी दारूच्या नशेत तरी कुणाला बोलून गेलो असतो. हे नाही.

ऑफिस रिकामं होतं. जाताना अभिजितसाहेबांनी दारातूनच रूपालीला विचारलं होतं, "त्यांना निरोप गेला होता ना?" तिनं मोबाइलवर बघितलं, म्हणाली, "गेलाय सर." आणि मग चालता चालता थांबली. "पण सर, हा नंबर... आत्ता त्यांचा फोन आला तो वेगळ्याच नंबरवरून." हे मी ऐकलं. म्हणजे तो एक नंबर त्यांनी बघितला होता. बाकीचे अजून नाही.

मी माझ्या कॉम्प्युटरपाशी बसलो. रूपालीनंच मला पासवर्ड करून दिला होता, माझ्या गावाचं नाव घालून, लक्षात राहावं म्हणून. बदल करायचा तर पेन्सिलीच्या चित्रावर दाबायचं, हेही तिनंच दाखवलं होतं. टायपिंग येत नाही म्हणणारा मी, एका बोटानं एकेक गिऱ्हाईक उघडत गेलो आणि माझ्या मोबाइलमध्ये बघून सगळे नंबर बरोबर करत गेलो. सगळे. फक्त चिकलठाण्याचा तो एक सोडून.

कळलं का, मी काय केलं? बऱ्याच गिऱ्हाइकांचे नंबर चुकलेले निघाले असते, आणि तेही फक्त भास्कररावांच्या, तर लहान पोरालाही शंका आली असती. एकच चुकलेला निघाला, तर ती लिहिणाऱ्या मुलीची चूक. हा हिशेब मी त्या वेळी केला. रफिक तिकडं टेबलावर होता, त्याच्यावर शस्त्रक्रिया चालली होती, आणि मी हा हिशेब केला. घाबरून, गोंधळून वगैरे नाही. डोकं लई शांत चाललं होतं. कोण काय विचारेल, मी काय उत्तर देईन, सगळं दिसत होतं. कुणी काय बदललं याची नोंद त्या सॉफ्टवेअरमध्ये राहणार नव्हती. ती मीच बंद करायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. अभिजितसाहेबांनी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर तपासायला लावले. बाकीचे बरोबर निघाले. रूपाली माझ्या समोरच बसली होती. "काका, तुम्ही सांगितलं होतं आणि मी परत वाचून दाखवलं होतं ना?" एवढंच तिनं विचारलं. आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच आठवायचं होतं.

मी म्हटलं, "मी तर बरोबरच सांगितला होता, बाई. आता तू काय ऐकलंस..."

सुनील म्हणाला, "आधीबी एकदा असंच झालं होतं की. कानाचा काहीतरी प्रॉब्लेम हाय तिच्या." कुणीतरी म्हणालं, फुकटच्या सॉफ्टवेअरवर असल्या गोष्टी सोडायच्याच कशाला. मी पेरलेलं सगळं एकदम वर आलं. मला त्या दिवशी काही बोलावंही लागलं नाही.

आणि तिनं मान्य केलं. मी वाट बघत होतो की ती भांडेल, पुरावा मागेल. रोज संध्याकाळी ती सगळ्या माहितीची एक प्रत वेगळी काढून ठेवायची. ती जुनी प्रत उघडून आजच्याशी ताडून बघितली असती तर माझं सगळं बाहेर आलं असतं. हे मला मीटिंगच्या मध्येच सुचलं. पण तिला सुचलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही. ती म्हणाली, "माझीच चूक असेल सर. मी लिहिलाय तो नंबर."

पुढचे काही दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होतो. तिचा स्क्रीन दिसेल अशा बेतानं पाणी प्यायला उठायचो. ती काय उघडतेय, काय वाचतेय. ती नुसती बसलेली असायची.

मग तिनं रफिकच्या घरी जायचं काढलं. अभिजितसाहेब म्हणाले, नको, भरपाईचं बोलणं चालू आहे, उगाच काहीतरी बोलशील. सुनीलनं काम सांगून टाळलं. ती माझ्याकडं आली. "काका, तुम्ही याल? त्यांची तुमची ओळख आहे. मला एकटीला..."

मी हो म्हटलं. सगळ्यांना वाटलं, काका मोठ्या मनाचे. — ते खरं नाही. ती तिथं काय बोलते, ते मला ऐकायचं होतं. वर्कशॉपवाल्यानं त्या दिवशीचा माझा न उचललेला फोन बघितला असेल, रफिकला सांगितलं असेल, तिथं विषय निघाला तर सावरायला मी हवा. म्हणून गेलो. तिच्यासाठी नाही.

कटकट गेटच्या आत, गल्लीत घर होतं त्याचं. माझ्या गाडीवर मागं बसून ती आली. रफिक खाटेवर बसला होता. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात सांभाळायला दिलाय. त्याची बायको नजमा दाराशी उभी होती, आई खाली बसून मेथी निवडत होती. आईनं मला ओळखलं. "आओ भास्करभाई. बैठो."

रूपाली बसली नाही. तिनं घरून पाठ करून आणल्यासारखं सांगितलं, हिंदीत, की निरोप गेला होता पण नंबर चुकीचा होता, आणि तो नंबर तिनंच लिहिला होता. "भैया, मेरी वजह से हुआ." मग ती रडायला लागली.

नजमा तोंड फिरवून आत गेली. तिनं तसं करणं बरोबरच होतं. रफिकनं पट्टीकडं बघितलं. मग म्हणाला, "जान के थोडीच करे तुम."

मुद्दाम थोडंच केलंस. असं म्हणाला तो. तिला म्हणाला आणि बघितलं माझ्याकडं — सहज, मोठा माणूस म्हणून, की तुम्हीच सांगा हिला समजावून. मी काय केलं असेल? मान हलवली. "सही बात हय," म्हटलं.

त्याच्या आईनं मेथीची परात बाजूला सारली आणि रूपालीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "नक्को रो बेटी. नसीब की बात हय." मग चहा आला. तो मी प्यायलो. गोड होता, आलं घातलेला. मी बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, कारण कप हातात असला की माणसाला बोलावं लागत नाही.

विषय निघाला नाही. माझ्या त्या फोनचं कुणालाच माहीत नव्हतं. परत येताना मला हलकं वाटलं. होय, हलकं! हेही सांगून टाकतो.

पुढं जे झालं ते भराभर झालं. रूपालीला कुणी काढलं नाही, पण तिच्याकडून काम काढून घेतलं. ती बसायची, जायची. मग एक दिवस आली नाही. ते सॉफ्टवेअर बंद केलं आणि मोठ्या कंपनीचं विकतचं आणलं. ते जास्त चांगलं आहे असं मला कधी वाटलं नाही, पण त्यावर कुणी शंका घेत नाही. त्याची जबाबदारी अभिजितसाहेबांनी माझ्याकडं दिली. म्हणाले, "काका, हेच मला पहिल्यापासून हवं होतं. रूपालीनं सगळं लावून द्यायचं आणि तुम्ही बाकीच्यांना शिकवायचं. तुम्ही नाराज दिसलात म्हणून बोललो नाही." तोंडावरून कळत होतं, ते खरं बोलत होते. माझं घड्याळ कुणी आणलेलंच नव्हतं.

रफिक आता त्याच वर्कशॉपच्या गेटवर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहितो, डाव्या हातानं. मी गेलो की उठून सलाम करतो. तोही डाव्या हातानं. चिकलठाण्याची कामं मी हल्ली सुनीलकडं दिली आहेत.

आणि एवढ्यात, याच हिवाळ्यात, रूपालीचा फोन आला. ऑफिसच्या नंबरवर. ती आता एका दवाखान्याच्या ट्रस्टमध्ये आहे. तिथं पेशंटना पुढच्या तपासणीची आठवण करून द्यायला, देणगीदारांची माहिती ठेवायला, तिनं तेच ओपन सोर्स सॉफ्टवेअर लावलं आहे. चांगलं चाललंय म्हणाली. प्रत्येक नंबर लिहिला की लगेच त्यावर फोन करून बघते, म्हणाली. "तेव्हापासून माझा स्वतःच्या कानांवर विश्वासच नाही, काका." हसून म्हणाली.

मी कान देऊन ऐकत होतो. हिला कळलं असेल का? ती जुनी प्रत तिनं कधीतरी उघडून बघितली असेल का? हे ती मला सुनावतेय का? हसण्यामागं काही आहे का? इतकं झाल्यावरही मी तेच करत होतो — तिच्या शब्दांच्या आत हात घालून चाचपत होतो.

मग ती म्हणाली, "एक सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून फोन केला. त्या दिवशी ऑफिसातलं कुणी आलं नाही. तुम्ही एकटे आलात माझ्यासोबत. ते मी विसरले नाही."

ती वाट बघत असल्यासारखी वाटली. की मलाच तसं वाटलं? सुनील समोर बसून बिलं लावत होता, बाहेर शिफ्टची बस लागली होती, माणसं चढत होती.

"त्यात काय एवढं, बाई," मी म्हणालो.

तिनं विचारलं, "तब्येत कशी आहे, काका?"

मी सांगितलं, चांगली आहे. आणि चांगलीच आहे माझी तब्येत. जेवण जातं, झोप लागते.